काहीच न लावण्याचा वार

थंडी पडली की ती आधी माझ्या गालांना कळते. स्वेटर अजून ट्रंकेतून निघालेला नसतो, पंखा अजून मनात आलं तर फिरत असतो, आणि एका सकाळी तोंड धुऊन पुसलं की कातडी आखडते. हसताना ओठांच्या कडा जपाव्या लागतात. मग मी खाली भाजी आणायला जाते तर कोपऱ्यावरच्या गाडीवर हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या आलेल्या असतात. आमच्या चिखलीत आता हरभरा गाडीवरच दिसतो. आम्ही राहतो ती इमारत जिथं उभी आहे तिथं तो जमिनीतून उगवायचा, हे सोसायटीतल्या कुणाला सांगितलं तर ते अदबीनं मान डोलावतात आणि लिफ्टचं बटण दाबतात.

यंदा ही थंडी आली तीच आमच्या नातीच्या, ऋतुजाच्या, खोक्याबरोबर. पोरगी हिंजवडीला कंपनीत आहे. मैत्रिणीचं लग्न महिन्यावर आलं म्हणून तिनं मोबाइलवरून तोंडाला लावायचे लेप मागवले. मातीचा एक, काळा कोळशाचा एक, एक वाळला की सालीसारखा सोलून काढायचा, एक ओल्या कागदाचा, ज्याला डोळ्यांची आणि नाकाची भोकं पाडलेली. तो लावून ती रविवारी हॉलमध्ये बसली तेव्हा दूधवाल्याच्या बाईनं दारातूनच "अगं बया" केलं. शेवटी एक छोटी बाटली होती, तिच्यावर कसल्याशा आम्लाचं नाव होतं. मी भिंग घेऊन एकेक पाकीट वाचून काढलं. माझा वेळ आता असाच जातो.

"आजी, आठवड्यातून किती वेळा लावू गं?" तिनं विचारलं.

"कुठला?"

"सगळेच."

मला हसू आलं आणि त्याच वेळी गालाच्या हाडावर, डोळ्यांच्या खाली, जुनी चुणचुण जागी झाल्यासारखं वाटलं. खरं तर तिथं आता काही नाही. सुरकुत्या आहेत, पण त्या त्यांच्या हक्कानं आल्या आहेत.

त्या पौषात मी अठराची होते. सन छप्पन की सत्तावन यात आता घोळ होतो, पण पिंपरीत औषधाची नवी कंपनी सुरू झाली होती आणि माझा थोरला भाऊ, आण्णा, तिथं नुकताच चिकटला होता एवढं पक्कं. तो पहाटे सायकलवर टांग टाकायचा तेव्हा आमच्या या चिखली गावावर धूर आणि धुकं एकत्र बसलेलं असायचं. इंद्रायणीकडून येणारा वारा कानाच्या पाळ्या कापायचा. ज्वारी दुधात आलेली, हरभरा गुडघ्याखाली, निळीजांभळी फुलं धरून उभा. घराघरांत संक्रांतीचे तीळ निवडले जात होते. आणि आमच्या घरात माझं तोंड निवडायला घेतलं होतं.

झालं असं, की मार्गशीर्षात तळेगावचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. तिकडून निरोप आला, पौष सरू द्या, रथसप्तमी झाली की मुलगी बघायला येतो. पौषात लग्नाचं बोलायचं नाही, पण तोंड घासायला कुणाची हरकत असणार? म्हणजे अख्खा महिना हाताशी मिळाला. मी रंगानं सावळी. आमच्यात त्याला काळी म्हणायचे, आणि तेही लाडानं.

मला ते स्थळ हवं होतं, हे आता सांगून टाकते. मुलाला पाहिलेलं नव्हतं, पण तळेगावात घरात नळ असतो अशी आम्हा मुलींमध्ये बातमी होती. नदीवरून दोन हंडे आणताना मी त्या नळाचा फार विचार करायचे. त्यासाठी तोंडाला काय लावतील ते लावून घ्यायला माझी तयारी होती.

अंगणात तीळ निवडता निवडता बायकांनी वार वाटून घेतले. त्याची सुरुवात थोरल्या काकूंनी केली. घरात त्यांचा शब्द शेवटचा. डाळीचं पीठ, हळद, दुधावरची साय. "आठवड्यातनं एकदाच लावायचं, सोमवारी. जास्त लावलं की कातडं कोरडं पडतंय," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी बरोबर होतं. मग वहिनी लाजत लाजत बोलली. आण्णानं पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या एका दुकानातून मुलतानी माती आणली होती. दुकानवाल्या बाईनं हफ्त्यातून एकदा म्हणून सांगितलेलं. तिला मंगळवार मिळाला. शेजारच्या सोनारकाकी मसुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायच्या आणि त्यानं तोंड चोळायच्या. त्याही म्हणाल्या, आठवड्यातून एकदा पुरे, गुरुवारी. मधले वार गल्लीतल्या बाकीच्या बायांनी उचलले, कुणी काकडी, कुणी लिंबू. आणि शनिवार घेतला आत्यानं.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लवकर कपाळ पांढरं झालेलं, माहेरी परतलेली, आणि आम्हा मुलांवर जीव टाकणारी. तिचा लेप नव्हताच, तिचं पाणी होतं. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव धरतं, त्याला आंब म्हणतात. संध्याकाळी पिकावर धोतराचं धुतलेलं फडकं पसरायचं, सकाळी ते जड झालं की भांड्यात पिळून घ्यायचं. पोटात दुखलं तर त्याचे थेंब पाण्यातून देत. आत्याचं म्हणणं, जे पोटातला मळ काढतं ते तोंडावरचा का काढणार नाही? तिच्या म्हणण्यात एक प्रकारचा विचार होता. ती कुडकुडत दव तुडवीत वावरात जायची, लाल झालेल्या बोटांनी फडकं पिळायची आणि वाटी पदराखाली झाकून आणायची. त्यात कापूस बुडवून माझ्या गालांवर फिरवताना ती पुटपुटायची, "उजळू दे गं बाई, उजळू दे." चरचर व्हायचं. मी डोळे मिटून नळ बघायचे.

ऋतुजाच्या त्या बाटलीला मी बोट लावून जिभेवर टेकवलं आणि तिनं किंचाळून बाटली ओढून घेतली. "आजी, ते आम्ल आहे!" मला ठाऊक आहे गं. आम्ही ते धोतरातून पिळून काढायचो.

पहिल्या आठवड्यात खरंच तेज आलं. प्रत्येकीनं मला उजेडाकडे वळवून बघितलं आणि प्रत्येकीला वाटलं ते आपल्यामुळे. घरात मोठा खेळीमेळीचा काळ होता तो. थोरल्या काकू आणि वहिनी एरवी मिठाच्या चिमटीवरून तोंड फिरवायच्या, त्या दोघी माझ्या गालांवर एकत्र वाकून बोलत होत्या. वहिनीची माती मला सगळ्यांत जड जायची. ती पूर्ण वाळून भेगा पडेपर्यंत बसायचं, बोलायचं नाही, हसायचं नाही. आता कळतं की माती तेवढी वाळू द्यायचीच नसते. ओलसर असतानाच धुवायची, आणि कोरड्या थंडीत तर पंधरवड्यातून एकदाही पुरते. पण तेव्हा भेगा पडणं म्हणजे माती कामाला लागणं. समोर आण्णा मुद्दाम नकला करायचा, मला हसू आवरायचं नाही, आणि हसलं की गाल तडकायचे.

दुसऱ्या आठवड्यात तोंड खरखरीत झालं. तिसऱ्यात नाकाच्या कडेनं पापुद्रे निघायला लागले आणि गालाच्या हाडांवर दोन्हीकडे लाल चट्टे उठले. भाकरीची वाफ तोंडावर आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. बायका जमल्या. चौकशी झाली. आणि चौकशीत सगळ्या निर्दोष सुटल्या, कारण सगळ्या खरं बोलत होत्या.

"माजं तर आठवड्यातनं एकदाच हाय," थोरल्या काकू म्हणाल्या.

"माती बी एकदाच," वहिनी म्हणाली.

"मी तर शनिवार सोडून हात लावत न्हाई," आत्या म्हणाली, आणि तिनं देवाच्या कोनाड्याकडे बघितलं.

त्या सगळ्यांना नियम ठाऊक होता आणि त्यांनी तो पाळलाही होता. एवढंच राहिलं, की नियम त्यांनी आपापल्या वाटीचा मोजला. माझं तोंड कुणाच्या मोजणीत नव्हतं. ते सोमवारीही तेच होतं आणि मंगळवारीही तेच. बाकी कुणाला नको म्हणायचं? काकूंना म्हटलं तर मान गेला, सोनारकाकींना म्हटलं तर शेजार गेला, आत्याला म्हटलं तर तिचं उरलंय काय आमच्याशिवाय? आमच्या घरात माणूस मोडायचं नाही हा फार मोठा धर्म होता. तो धर्म त्या महिन्यात माझ्या गालांवर थर देऊन बसला.

भिंगाखालची पाकिटंही हेच बोलतात. प्रत्येकावर लिहिलंय, आठवड्यातून एक-दोन वेळा. आणि प्रत्येक पाकीट असं बोलतं, जणू त्या तोंडावर दुसरं कुणी येतच नाही. मी ऋतुजाला म्हटलं, ओल्या कागदाचा एकवेळ दोनदा लाव, तो नुसता पाणी पाजतो. माती-कोळसा पंधरवड्यात मिळून एकदा, दोन्ही नव्हे. सोलून काढायचा महिन्यातून एकदा लाव नाहीतर फेकून दे, तो कातडीबरोबर लव उपटतो. आणि आम्लाला हात लावायचाच असेल तर आधी कानामागं थेंब लावून एक दिवस थांब. ज्या आठवड्यात ते, त्या आठवड्यात घासणं-चोळणं बंद, आणि उन्हात तोंड झाकून जायचं. ती मोबाइलवर हे टिपून घेत होती. "आणि उरलेल्या दिवशी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी आईचा वार.

तिला वाटलं मी देवीचं काही व्रत सांगतेय.

माझी आई घरातली धाकटी सून. आमच्या त्या वार-वाटपात तिला कुणी वार विचारला नव्हता आणि तिनं मागितला नव्हता. ती आपली चुलीपुढं. थोरल्या जावेसमोर तिचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. पदराआडून "व्हय जी" एवढाच. माझं तोंड भाजल्यासारखं लाल झालं तेव्हाही ती काही बोलली नाही. फक्त मला वाफेपासून लांब बसवून भाकऱ्या स्वतः थापायला लागली.

रथसप्तमी झाली. पाहुणे बुधवारी येणार म्हणून निरोप आला. मधे शनिवार होता. आत्या सकाळीच वाटी घेऊन आली. चट्टे बघून ती घाबरली होती, आणि घाबरल्यामुळेच तिनं त्या दिवशी दोन फडकी पिळली होती. मी पाटावर बसून तोंड वर केलं. आई चुलीपाशी होती. तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

"वन्सं, आजचा वार माजा हाय."

आत्यानं वाटी मागं घेतली. "तुजा? तुजा वार कवा ठरला?"

"आता ठरला."

"मग लावनार काय हायेस?"

"काय बी न्हाई."

"अगं, काय बी न लावायला वार कशाला लागतोय?"

"लागतोय," आई म्हणाली. "न्हाईतर कुनीतरी लावतंयच."

तिनं आत्याला बाजूला सारलं नाही, दोष दिला नाही. आत्याच्या हातातली वाटी तिनं घेतली आणि ती फडताळात जपून ठेवली, फेकली नाही. मग कोमट पाण्यानं माझं तोंड नुसतं धुतलं, फडक्यानं टिपून घेतलं आणि खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवला. रविवारी वार तिचाच. सोमवारी थोरल्या काकू पीठ कालवून आल्या.

"तुजा वार परवाच झाला," काकू म्हणाल्या. "समद्यांना आठवड्यातनं एकदाच हाय."

"लावायला एकदाच हाय, जाऊबाई," आई म्हणाली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही. "न लावायला रोज चालतंय."

काकूंनी ते पीठ गाईपुढं ठेवलं आणि त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं.

चार दिवसांत चट्टे जातात थोडेच? मंगळवारी संध्याकाळी वडील म्हणाले, पावडर लावा, आतल्या अंधुक उजेडात काय कळतंय. आई म्हणाली, न्हाई. पावडरीनं वरून झाकंल, खाली आग तिलाच. मग पाहुण्यांना पुढच्या महिन्यात बोलवा, ती म्हणाली. वडील म्हणाले, तोंडाला बरं नाही असा निरोप धाडला तर मोडलंच म्हणून समज. दोघांचंही खरं होतं. मी मात्र आईवर चिडले होते. मला पावडर हवी होती. इतकं सोसलं ते शेवटी झाकायचं नाही तर कशासाठी?

बुधवारी मी तशीच पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले. मास्तरांनी एकदा बघितलं आणि मान खाली घातली, बिचारे भले असावेत. त्यांच्या आईनं माझी हनुवटी वर केली, चेहरा दाराच्या उजेडाकडे फिरवला.

"तोंडाला काय झालंय हो?"

बाहेर बैलाची घुंगरं वाजली. माजघराच्या दाराआड बायका उभ्या होत्या, आत्या सगळ्यांत मागं. आईनं एक नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. कुणीतरी भलतंच काही लावलं, घरातल्या विधवेला अक्कल नाही, असं म्हटलं असतं तर पाहुण्यांनी ते सहज मानलं असतं. असल्या गोष्टी लोकांना पटकन पटतात. आत्यालाही ते ठाऊक होतं. तिनं तोंडात पदराचा बोळा धरला होता.

"आमी समद्यांनी मिळून माया केली," आई म्हणाली. "जरा जास्ती झाली. उतरंल."

मास्तरांच्या आईला काय कळायचं ते कळलं असेल किंवा नसेलही. त्यांनी पोहे खाल्ले, मला ओटीला खण दिला आणि गाडीनं स्टेशनाकडे गेल्या.

नकार मध्यस्थाबरोबर आला. मुलगी चांगली आहे, पण पत्रिकेत काहीतरी अडतंय, असं सभ्यपणे. वडील आईशी बोलेनात. थोरल्या काकू मात्र बोलायला लागल्या. आत्या जेवली नाही. आईनं ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं आणि ती पहिला घास घेईपर्यंत समोरून उठली नाही. त्यानंतर आत्यानं आईला कधी "अगं" केलं नाही, नावानं हाक मारली. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं, पिंपरीतल्या कामगाराशी. चाळीला नळ होता, बाहेर, बारा बिऱ्हाडांत एक.

माया किती वेळा लावावी हे कुठल्या पाकिटावर लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. आजही बघते, पोरीबाळींच्या तोंडावर सगळ्यांचे वार ठरलेले असतात, आता मोबाइलचाही एक वार आहे. प्रत्येकाचं थोडंच असतं आणि प्रत्येकाचं भल्यासाठीच असतं. आपण सोडून बाकी कोण काय लावून गेलं, आणि खाली काय होतंय, हे विचारायला मात्र कुणीतरी काहीच न लावणारं लागतं.

नकार आला त्या दुपारी मी मागच्या अंगणात उन्हाला बसून रडत होते. रडण्याचं पाणी गालांवरून उतरत होतं आणि माझ्या एकदम लक्षात आलं की ते चरचरत नाहीये. आई धुणं टाकून माझ्याजवळ आली. तिनं हात पुढं केला, मग थांबली. मोळ्या बांधून, शेण थापून तिचे तळवे करवतीसारखे झालेले. तिनं हात उपडा केला आणि बोटांची मऊ पाठ माझ्या गालावर टेकवली.

"आग व्हतीया का गं अजून?"

साऱ्या पौषात हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं.

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि हात तसाच ठेवून तिनं रडायला सुरुवात केली.